निळ्या खडूचा ठिपका

बाबांशी माझं शेवटचं बोलणं तीन शब्दांचं झालं. "फोन आईला द्या."

मी अकोल्याला एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आईबाबा वलगावला. दर रविवारी सकाळी मी फोन करायची आणि तो बाबांनी उचलला की हे तीन शब्द म्हणायची, कारण गेली सहा-सात वर्षं त्यांना नीट ऐकू येत नव्हतं. जेवलात का म्हटलं तर ते सांगत, इकडे पाऊस नाही. आधी मी ओरडून बोलून पाहिलं. मग कानाचं यंत्र आणून दिलं. ते त्यांनी दोन दिवस लावलं आणि तिसऱ्या दिवशी डबीत घालून कपाटात ठेवलं. "मले ऐकू येते," ते म्हणाले. "तूच हळू बोलते."

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी सकाळी, आई डबा भरेपर्यंत ते खुर्चीत टेकले आणि उठले नाहीत. चौसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर त्यांच्या त्या वाक्याचा मला आधार झाला. त्यांना स्वतःचं बहिरेपण मान्यच नव्हतं, म्हणजे मी फोन आईला का द्यायला लावते हेही त्यांना कळलं नसणार. मायलेकींचं काही बोलणं असेल, असं वाटलं असेल. हे असंच असावं, एवढीच माझी इच्छा होती. दिवसातून किती वेळा मी ते स्वतःला सांगत असे, ते लिहिण्यात अर्थ नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी नितेश घरी आला. पेढी पॉटरीजच्या शेठजींचा हा नातू. बाबा त्याच कारखान्यात अडतीस वर्षं तपासनीस होते. डिसेंबरात कारखान्याला पन्नास वर्षं होत होती आणि नितेशला एक छोटी पुस्तिका काढायची होती.

"ताई, तुम्ही पुस्तकांतल्या बाई," तो म्हणाला. "कारखाना कसा वाढला, माल कसा होतो, ते लिहून द्या. आणि शेवटचं पान काकांवर. चंद्रभान ढोके, ज्यांच्या हातून कधी फुटकी बरणी गेली नाही. असं काहीतरी."

"एक गेली होती," मी म्हणाले.

ती बरणी आमच्या ओसरीवरच होती. मी चौथीत असताना तेल्हाऱ्याची एक बाई दोन एसट्या बदलून ती घेऊन आली होती. वर्षाचं लोणचं घातलं, महिन्याभरात तेल बाहेर पाझरलं, फडताळ खराब झालं. वरून बरणी धड दिसत होती. झिलईखाली केसाएवढी चीर होती, आणि अशी चीर डोळ्याला दिसत नाही, फक्त कानाला कळते. बाबांनी तिला दोन नव्या बरण्या स्वतः वाजवून दिल्या आणि ती जुनी सायकलवर बांधून घरी आणली. मला समोर बसवून त्यांनी मधल्या बोटाच्या पेराने तिच्यावर टिचकी मारली. मग शेजारच्या चांगल्या बरणीवर. चांगली टण्ण करून वाजली आणि आवाज थोडा वेळ हवेत राहिला. चिरेची बद्द वाजली, लगेच संपली.

"हा आवाज ध्यानात ठेव," ते म्हणाले. "हा माह्या चुकीचा आवाज हाय."

पुढे कितीतरी वर्षं येता-जाता मी त्या बरणीवर टिचकी मारत असे.

कारखाना गावाबाहेर, पेढी नदीच्या अंगाला आहे. मी गेले तेव्हा गयासुद्दीन चाचा भट्टीच्या पुढ्यात बाजेवर बसले होते. ते भट्टीमिस्त्री, बाबांहून चार वर्षांनी मोठे. दोघं एकाच डब्यात जेवत. रजियाचाचींच्या हातची भाजी आणि आईच्या भाकरी. मला पाहून ते उठले, डोक्यावर हात ठेवला आणि मला कारखान्यामागच्या खापऱ्यांच्या ढिगाकडे घेऊन गेले.

"इतिहास पायजे ना तुले? तो पाहा. कागदावर तं कोणी काई ठेवलं नाई."

तपासणीत नापास झालेला माल तिथेच फोडायचा, हा पहिल्या शेठजींचा नियम. दुय्यम म्हणून स्वस्तात विकायचा नाही. त्यामुळे पन्नास वर्षांत तिथे दोन माणसं उंचीची टेकडी झाली होती. मागच्या वर्षी शेड वाढवताना जेसीबीने तिची एक बाजू कापली, आणि आत काय काय आहे ते पोळीच्या पदरांसारखं दिसू लागलं. सगळ्यात खाली तपकिरी जाड खापऱ्या. पंच्याहत्तर साली अकरा माणसांनिशी कारखाना सुरू झाला, तेव्हा फक्त लोणच्याच्या बरण्या आणि सांडपाण्याचे नळ होत. त्याच्यावर हातभर जाडीचा पांढरा थर होता. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, विजेच्या खांबांच्या ताणाच्या तारांचे चिमणीएवढे इन्सुलेटर. खेडोपाडी वीज आली, विहिरीवर मोटारी बसल्या, आणि प्रत्येक मोटारीच्या फळीवर तीन किटकॅट लागत.

"तवा दोनशे चाळीस माणूस होता इथं," चाचा म्हणाले. "तीन पाळ्या. धामणगावच्या रेल्वेनं माल जाये. तुह्या बापाले जेवाले वेळ भेटे नाही. एका हातात भाकर, एका हातानं वाजवणं."

पांढऱ्या थरावर कपबश्या होत्या, मग पुन्हा तपकिरी, पण पातळ. प्लॅस्टिकच्या बरण्या आल्या, फ्यूजची जागा खटक्याच्या स्विचांनी घेतली, माणसं चाळीसवर आली. अगदी वर निळे, हिरवे, राखाडी तुकडे होते. नितेशने गॅसच्या छोट्या भट्टीत सुरू केलेले कॉफीचे मग. ते आता बंगळूरला जातात. बरण्याही पुन्हा जाऊ लागल्या होत्या, पुण्या-मुंबईच्या लोकांना स्वयंपाकघरात शोभेला हव्या असतात म्हणून.

"शोभेले," चाचा म्हणाले. "त्यायच्यात लोणचं नाई घालत लोक, चमचे ठेवतात. पण तुहा बाप तरी वाजवूनच पाठवे."

मग त्यांनी मला माल कसा होतो ते पहिल्यापासून दाखवलं, जसं काही मी हे लहानपणी पाहिलंच नव्हतं. चंद्रपूरकडून येणारी पांढरी माती, तिच्यात गारगोटी आणि फेल्स्पार या दगडांची भुकटी. हे सगळं पाण्याबरोबर बॉल मिलमध्ये घालायचं. बॉल मिल म्हणजे आत गोटे भरलेलं लोखंडी पिंप, दिवसभर फिरणारं. त्याचा आवाज असा की शेजारी उभ्या माणसाशी खुणांनी बोलावं लागतं. बाबांचं तपासणीचं टेबल तिथल्याच भिंतीच्या पलीकडे अडतीस वर्षं होतं. पातळ माती कापडातून दाबून तिच्या वड्या होतात, वड्या मळून, प्लास्टरच्या फिरत्या साच्यात घालून, वरून पात्याने दाबून बरणी घडते. मग वाळवण. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की बरणी एका बाजूने वाळून तडकते, म्हणून शेडला ओली पोती बांधतात. पावसाळ्यात चार-चार दिवस वाळत नाही. मग झिलईत बुचकळून बूड ओल्या स्पंजाने पुसायचं, नाहीतर ती भट्टीत खाली चिकटते. म्हणून बरणीचं बूड नेहमी कोरं, खरखरीत असतं.

"अन् मंग माह्याकडे," चाचा म्हणाले. "तीन दिवस आग, तीन दिवस थंड. ऑर्डरची घाई असली का शेठ म्हणते, दोन दिवसांतच उघड. दार लवकर फोडलं का थंडी हवा आत घुसते. तवा पडते ती केसावानी चीर. गलती माही, अन् पकडाची तुह्या बापानं."

हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

गोदामात माणिकबाई होत्या. पॅकिंग त्यांच्याकडे, बरण्या सोयाबीनच्या कुटारात, म्हणजे भुशात, बसवून खोक्यात भरायच्या. पंचावन्नच्या असतील. मी वहीत लिहून घेते आहे हे पाहून त्या म्हणाल्या, "माहं नाव टाकजो पुस्तकात. नाईतं म्हणशीन, कुटारवाली होती एक."

"टाकते, मावशी. बाबांबद्दल सांगा काही."

त्यांनी चाचांकडे पाहिलं. चाचा दाराशी उभे होते. ते म्हणाले, "सांगून टाक. कधी ना कधी सांगाच लागीन."

"मी नाई सांगत. तुमची आयडिया होती, तुमी सांगा."

"बोलाले एवढी तरबेज, अन् आता जीभ अडकली हिची," चाचा म्हणाले, पण हसले नाहीत. ते पोत्यांच्या थप्पीवर बसले. "बेटा, सहा-सात साल झाले असतीन. एक दिवस मी हातगाडीवर बरणी ठेवली तं बद्द वाजली. बुडाले चंद्रभानची टिक होती. मले वाटलं, एखादी चुकली. दुसऱ्या दिवशी अजून दोन. मी त्याच्या पाठीमागून हाक मारली. त्यानं पाह्यलं नाई. अजून जोरानं मारली. नाई पाह्यलं."

"मग?"

"मंग काय. तपासनीस बहिरा झाला हे शेठले सांगतलं असतं, तं दुसऱ्या दिवशी चंद्रभान घरी. त्याले घरी बसून जमलं असतं काय? म्या हिले म्हटलं, तू खोक्यात भराच्या आधी एक एक वाजवत जाय. त्याले दिसू नको देऊ."

"त्या फळीच्या मागं बसत होती मी," माणिकबाईंनी दाखवलं. "शंभरात चार-पाच निघत. पोत्याखाली लपवून ठेवो. ते पाच वाजता सायकलवर बसले का ढिगावर नेऊन फोडो. लोक कारखान्यातला माल चोरून घरी नेतात, मी चोरून फोडत होती."

"सहा वर्षं?"

"सहावर. तुह्या बापाची टिक असलेली एकबी खराब बरणी बाहेर गेली नाई, पोरी. नितेशभाऊले सांगजो, खुशाल लिही म्हणा."

मला त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला आता संकोच होतो. मला सुटल्यासारखं वाटलं. सहा वर्षं दोन माणसांनी त्यांच्यामागे काम केलं आणि त्यांना पत्ता लागला नाही. म्हणजे त्यांना खरंच माहीत नव्हतं. बरण्यांचं नाही, तर फोनचंही नाही.

चाचांचं मात्र उलट होतं. "मले झोप नाई येत, बेटा," ते म्हणाले. "एका डब्यात जेवलो अन् त्याच्या मागं हा खेळ केला. त्याच्या कामावर त्याले न सांगता माणूस बसवला. हे त्याले कळलं असतं तं मी त्याले तोंड दाखवू शकलो असतो का? वाटे, एखाद्या दिवशी सांगू. मंग तो गेलाच."

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते मान हलवून भट्टीकडे गेले. दुपारी भट्टीचं दार विटांनी बंद करून लिंपायचं होतं.

गोदामाच्या कोपऱ्यातल्या फळ्यांवर बासष्ट बरण्या होत्या. बाबांनी मंगळवारी आणि बुधवारी तपासलेल्या, शेवटच्या. माणिकबाईंनी त्यांना हात लावला नव्हता. "नितेशभाऊ रोज म्हणते, भरा मावशी, गाडी थांबली हाय. माहा हात नाई होत."

मी एक बरणी उचलून उलटी केली. कोऱ्या बुडावर निळ्या खडूची टिक होती. दुसरी पाहिली, तिसरी. चौथीवर टिकेच्या खाली एक ठिपका होता. स्पष्ट, खडू दाबून दिलेला.

"हा ठिपका कसला?"

"तो? काई नाई. हात थरथरे त्यायचा आताशा. खडू टेके."

थरथरणाऱ्या हाताचा खडू घसरतो, रेघ ओढतो. असा एकाच जागी, टिकेच्या बरोबर खाली दाबून ठिपका देत नाही. आणि हा ठिपका मला ओळखीचा होता.

बाबा सातवी शिकलेले होते. मी पाचवीत गेले तेव्हापासून ते रोज संध्याकाळी माझी गणितं तपासत. बरोबर असेल त्यावर टिक. माझी गणितं त्यांच्या शिकण्याच्या पुढे गेली, तरी त्यांनी वही सोडली नाही. जे त्यांना स्वतःला सोडवता येत नसे त्यालाही ते टिक करत, पण तिच्याखाली एक ठिपका देत. त्याचा अर्थ आमच्या दोघांत ठरलेला होता. मला हे कळलं नाही, उद्या मास्तरांना दाखव. दहावीपर्यंत वह्यांमध्ये टिकांपेक्षा ठिपके जास्त झाले होते.

"मावशी, आधीच्या बरण्यांवरही असे ठिपके असायचे?"

"असत कधी कधी. मी कुठं ध्यान देल्लं." मग त्यांना आठवलं. "पण एक होतं. आधी ते नुसती टिचकी मारत. नंतर नंतर एक हात बरणीच्या आत घालून वाजवत. मी म्हटलं, आतली झिलई पाहत असतीन."

आत तळहात लावला की चांगल्या बरणीचा कंप हाताला लागतो. मी एका बरणीत हात घालून पाहिला. जाणवतो, पण अंधुक. कानाला एका क्षणात कळतं ते हाताला शंभरातल्या नव्वद वेळा कळत असेल. उरलेल्या दहांना त्यांनी काय करावं? फोडावी तर चांगली बरणी फुटायची. टिक करावी तर तेल्हाऱ्याची बाई आठवायची.

मी ठिपक्याच्या बरण्या वेगळ्या काढल्या. नऊ निघाल्या. माणिकबाईंना म्हटलं, आता सगळ्या वाजवा. त्यांनी साध्या टिकेच्या त्रेपन्न आधी वाजवल्या. त्रेपन्न वेळा टण्ण झालं. मग मी नऊ वाजवायला घेतल्या. मला तो आवाज ओळखता येत होता, चौथीपासून. पहिली चांगली. दुसरी चांगली. तिसरी बद्द. नऊतल्या तीन बद्द वाजल्या.

माणिकबाई खाली बसल्या. "म्हणजे ते मलेच दाखवत होते? याच्यात पाहा म्हणून?"

आपल्या नंतर कोणी पाहणारच नसेल तर ठिपका देण्यात काही अर्थ नसतो. फळीमागे कोण बसतं, पोत्याखाली काय जातं, ते बाबांना माहीत होतं. त्यांनी फक्त माणिकबाईंचं काम सोपं करून ठेवलं होतं.

बाहेर चाचांचा गिलाव्याचा आवाज येत होता. ओल्या मातीवर थापीचा. हे चाचांना सांगितलं तर त्यांना झोप लागणार होती. न सांगितलं तर माझ्याजवळ जे होतं ते मला आणखी काही दिवस सांभाळता आलं असतं. पण एकदा मोठ्याने म्हटलं की ते गेलंच. ज्या माणसाला पाठीमागची टिचकी कळत होती, त्याला दर रविवारचे तीन शब्द कळले नसतील असं मला पुन्हा म्हणता येणार नव्हतं.

तीन बद्द बरण्यांपैकी एक घेऊन मी भट्टीपाशी गेले. चाचा दारावर माती थापत होते. मी बरणी उलटी करून ठिपका दाखवला आणि वह्यांची गोष्ट सांगितली. नऊ, तीन, त्रेपन्न, सगळं सांगितलं.

त्यांनी हात पोत्याला पुसले, बरणी घेतली, टिचकी मारली. परत मारली.

"म्हणजे त्याले माईत होतं?"

"हो, चाचा."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून असेल."

ते बाजेवर बसले. बरणी मांडीवर होती. आधी मला वाटलं ते रडताहेत, मग कळलं की हसताहेत, आणि मग दोन्हीही होतं. "बदमाश साला. रोज माह्यासंग जेवे. एक दिवस मले म्हणते, गयासभाई, माणिकबाईले लय गरम होते, तिले त्या फळीमागं पंखा लावून दे. म्या म्हटलं, ह्याले काय माईत फळीमागचं." त्यांनी डोळे पुसले, गालाला ओली माती लागली. "मले सहा साल नाटक करू देल्लं त्यानं."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "तुलेबी बरं वाटलं असीन ना, बेटा?"

"हो," मी म्हणाले.

ती बरणी चाचांनी फोडली नाही. बाकीच्या दोन माणिकबाईंनी ढिगावर नेल्या. या वेळी भरदिवसा.

घरी आले तेव्हा संध्याकाळ होत होती. आई ओसरीवर अंबाडीची भाजी निवडत होती. मी तिच्या शेजारी बसले, थोडी भाजी पुढ्यात ओढली आणि विचारलं, "मी फोनवर म्हणायची ना, आईला द्या. तेव्हा बाबा काय म्हणायचे?"

"काई नाई." तिने एक देठ मोडला. "मले फोन देत अन् तिथंच खुर्ची ओढून बसत."

"ऐकू तर येत नव्हतं."

"माह्या तोंडाकडे पाहत ना. तू काय बोलून राह्यली ते माह्या तोंडावरून पाहत. मी फोन ठेवला का म्हणत, आज पोरीचं डोकं दुखून राह्यलं दिसते. नाईतं म्हणत, आज खुश हाय." ती निवडत राहिली. "बरोबर सांगत. एखाद्या टायमाले चुके."

"चुकले की मग?"

"चुकले का मले विचारत, मंग काय झालं पोरीले."

मी पुस्तिकेचा मजकूर आठवड्याने नितेशला पाठवला. शेवटच्या पानावर तपासणी या शब्दापुढे दोन नावं लिहिली, चंद्रभान ढोके आणि माणिकबाई. नितेशने फोन करून विचारलं, दुसरं नाव चुकून आलं का. मी म्हणाले, नाही, तसंच छापा.